तेलाचे तीन हात

माझ्या पत्नीची गाडी दोन वर्षांहून अधिक काळ बोईसरजवळच्या सालवडमधल्या आमच्या इमारतीखाली एकाच जागी उभी होती आणि तेवढ्या काळात तिचे बंपर पांढरे पडले. गाडीचा लाल रंग धुतल्यावर उजळत असे. परंतु बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांमागची टोपणं आणि पुढच्या काचेखालची जाळी ही सारी रंग न दिलेल्या काळ्या प्लास्टिकची होती, आणि ते काळेपण उन्हाने व इथल्या हवेने शोषून घेतलं. वारा औद्योगिक वसाहतीकडून असला की पहाटे संध्येला बसण्यापूर्वी खिडकीच्या गजावरून बोट फिरवावं, बोट राखाडी होतं. गाडी तर उघड्यावर होती. तिच्यावर कुणी भस्म फासलं आहे असं मला वाटे, आणि तो विचार आला की मी नजर दुसरीकडे वळवीत असे.

मी व्यवसायाने पुरोहित. लहानपणी पाठशाळेत बारा वर्षं अध्ययन केलं आणि तरुणपणी घाटावरून बोईसरला आलो. इथे कारखान्यांच्या निमित्ताने सातारा, सांगली, खानदेश असे चहूकडचे लोक येऊन राहिले होते; त्यांना सत्यनारायणाला, वास्तुशांतीला, दसऱ्याच्या यंत्रपूजेला कोणीतरी हवं होतं. इतरांच्या गाड्यांवर स्वस्तिक काढता काढता माझे केस पिकले, परंतु चालकाच्या आसनावर मी आयुष्यात बसलो नाही. गाडी पत्नी चालवीत असे. ती शाळेत शिक्षिका होती आणि पन्नाशी उलटल्यावर चालवायला शिकली. मी शेजारी बसून विष्णुसहस्रनाम म्हणे.

"अहो, जरा हळू आवाजात म्हणा," ती म्हणायची. "मागचा हॉर्न वाजवतोय तो मला ऐकू येत नाही."

दरवर्षी दसऱ्याला गाडीची पूजा झाली की आम्ही तिथून सरळ माहीमला जात असू. पालघरजवळचं, किनाऱ्यावरचं हे माहीम तिचं माहेर. पानवेलींच्या वाडीतलं घर केव्हाच दुसऱ्यांकडे गेलं होतं. तरी देवीला नारळ द्यायचा, घटकाभर समुद्राच्या वाऱ्यावर बसायचं आणि दिवेलागणीपूर्वी परतायचं, असा तिचा नेम होता. तिच्या आजारपणाच्या वर्षी तो नेम चुकला. "पुढल्या दसऱ्याला जाऊ आणि दोन नारळ देऊ," असं ती अंथरुणावरून म्हणाली. पुढचा माघ तिने ओलांडला नाही. पहिला दसरा दुखवट्याच्या वर्षात गेला. दुसऱ्याला गाडी सुरूच होईना आणि चालवणारंही कुणी नव्हतं. शब्द तिचा होता, पण तो आता माझ्याकडे राहिला होता, आणि तो त्याच गाडीने फेडावा असं माझ्या मनाने घेतलं होतं. दुसऱ्या वाहनाने जाऊन नारळ देता आला असता, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तिने "जाऊ" म्हटलं होतं ते त्या गाडीने.

या वर्षी गौरी-गणपती गेल्यावर मी स्वतःच्या बुद्धीने एक उद्योग केला. देवघरातल्या समईचं तिळाचं तेल वाटीत घेतलं आणि पुढच्या बंपरला चोळलं. बंपर तत्काळ काळाभोर झाला. मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरून पाहतो तो वसाहतीतली सगळी धूळ त्या तेलावर येऊन बसलेली, आणि बंपरवर राखाडी चिखलाचा थर.

समोरच्या दारातले शेजारी दूध घेऊन येत होते. ते थांबले, चिखलाला बोट लावून त्यांनी वास घेतला आणि पोट धरून हसू लागले.

"गुरुजी, गाडीला अभ्यंग घातलंत काय? आता उटनंबी लावा!"

हे शेजारी मूळचे इथलेच, किनाऱ्यावरच्या गावचे. प्लास्टिकचे साचे काढणाऱ्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला आणि तिथूनच निवृत्त झाले. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. मी त्यांना भाऊ म्हणतो. एकोणीस वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत. पत्नीला नेलं तेव्हा खांदा देणाऱ्या चौघांत ते होते. माझा मुलगा पुण्याहून पोहोचेपर्यंत मला पाणी पाजणारेही तेच.

"वहिनींची गाडी अशी बघवत नाय," ते त्या दिवशी हसू ओसरल्यावर म्हणाले. "असं करू. बंपर, पट्ट्या, सगळं आपन दोघं मिळून काळं करू. बॅटरी मी बघतो. दसऱ्याला तुमी पूजा करा नि मी चालवतो. थेट माहीम."

मी त्यांचा हात धरला.

कोणतंही कार्य संकल्पावाचून आरंभू नये, असं मला शिकवलेलं आहे. हातात पाणी घ्यावं, काळाचा आणि स्थळाचा उच्चार करावा, आपलं नाव-गोत्र सांगावं आणि मग आपण हे कशासाठी करतो आहोत ते मोठ्याने म्हणावं. कार्याचा हेतू देवापासून आणि बरोबरच्या माणसांपासून लपलेला राहू नये, एवढाच त्याचा अर्थ मी समजतो. गृहस्थ संकल्प करतो तेव्हा पत्नी त्याच्या हाताला हात लावते. त्यामुळे कार्य दोघांचं होतं. मी हजारो घरांतून "वहिनी, हाताला हात लावा" असं म्हटलं असेल. माझ्या घरी आता ते म्हणायला कुणी नव्हतं.

पितृपक्षात नवं काम धरायचं नाही, म्हणून त्याआधीच, वामनद्वादशीला सकाळी, मी ताम्हन आणि पळी घेऊन गाडीपाशी गेलो. शेजारी बादली आणि ब्रश घेऊन आले होते. मी म्हटलं, "भाऊ, हे काम आपल्या दोघांचं. माझ्या हाताला हात लावा."

ते जरा मागे सरले. "मी? गुरुजी, माझं सोवळंबिवळं…"

"मनाचं असतं ते. लावा."

त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात पँटला पुसला आणि माझ्या मनगटाला दोन बोटं लावली. मी संकल्प म्हटला आणि शेवटी त्यांना कळावं म्हणून मराठीतही म्हटलं: हिच्या या वाहनाने विजयादशमीला माहीमला जाऊन देवीला दोन नारळ अर्पण करावेत, यासाठी हे काम आम्ही दोघे करीत आहोत. पाणी सोडलं. पाणी सुटताच त्यांनी बोटं काढून घेतली आणि ब्रश उचलला. कामाची घाई असेल, असं मला वाटलं.

कामात ते खरोखर गुरू होते. प्रथम साबणाच्या पाण्याने तिळाचं तेल आणि दोन वर्षांची धूळ त्यांनी माझ्याकडून तीनदा धुवून घेतली. "मळ राहिला तर वरचं सगळं वाया," ते म्हणाले. मग लाल रंगाला धक्का लागू नये म्हणून कडेने कागदी चिकटपट्टी लावली. पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश-पेपराने वरची पांढरी साय एकाच दिशेने घासायची. गोल गोल घासलं की चरे उमटतात. दिवसाला एक हात लांबीचा तुकडा, याहून जास्त मी करू शकत नसे. माझी बोटं पळीच्या सवयीची. तरी त्या घासण्यात मला अपार समाधान मिळालं. पेपराखालून राखाडी पाणी वाहून जाई आणि प्लास्टिकचं खरं अंग दिसू लागे.

मागच्या बंपरला डाव्या बाजूला एक वीतभर भेग होती. पत्नीने शाळेच्या फाटकातून गाडी मागे घेताना ती पाडली होती आणि घरी येऊन मला पहिलं वाक्य म्हणाली होती, "फाटक ठीक आहे." शेजाऱ्यांनी ती भेग तापवलेल्या सुरीने आतून सांधली आणि वरून इतकी घासली की बोटाला लागेना. भेग बुजली तेव्हा मला किंचित वाईट वाटलं होतं.

पट्ट्या आणि आरशांची टोपणं त्यांनी गरम हवेच्या बंदुकीने काळी करायची ठरवली. प्लास्टिकवर जपून उष्ण हवा फिरवली की आतलं काळेपण वर येतं. पण एका जागी थांबलं तर ते वितळतं. "एका जागी पाच मोजायचं, की पुढं," त्यांनी सांगितलं. मी आयुष्यभर काळ मोजला तो मंत्रांनी. आकड्यांनी मोजण्याची मला सवय नाही. मी बंदूक धरली आणि मनात एक गायत्री म्हटली. उजव्या आरशाचं टोपण अंगठ्याएवढ्या जागी मऊ पडून चकाकू लागलं.

"गुरुजी! काय म्हनत व्हतात?"

मी सांगितलं.

"गायत्री लांब पडते. 'राम राम' म्हना नि पुढं सरका."

त्यानंतर मी राम राम म्हणत पुढे सरकत राहिलो. आरशावरचा तो चकाकता डाग मात्र तसाच राहिला. तो माझा.

शेवटी तेल. हार्डवेअरच्या दुकानात जवसाचं उकळलेलं तेल मिळतं, त्याला बेलतेल म्हणतात. ते तिळाच्या तेलासारखं चिकट राहत नाही, आत मुरून वाळतं. चिंधीने अगदी पातळ हात द्यायचा, अर्ध्या घटकेने वरचं तेल पुसून काढायचं आणि एक दिवस वाळू द्यायचं. असे तीन हात. तेलाच्या चिंध्या मी सवयीने गोळा करून बादलीत टाकत होतो. शेजाऱ्यांनी त्या उचलून वर माझ्या गॅलरीतल्या तारेवर पसरल्या. "चुरगाळून ठिवू नका. या तेलाची चिंधी आतल्या आत तापते नि पेटते. वरून काय दिसत नाय."

पितृपक्षातल्या अविधवा नवमीला मी काम बंद ठेवलं. त्या दिवशी नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रीचं श्राद्ध असतं. शेजारी माझ्याकडे जेवायला होते. दोनदा खीर घेऊन ते म्हणाले, "वहिनींच्या हातची चव नाय, पन जवळ हाय."

आता मागे वळून पाहताना जे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं, ते मी का पाहिलं नाही, याचा मला उलगडा होत नाही. शेजारी रोज काम संपलं की गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढत. "तुमच्या मुलाला धाडतो, खूश होईल." मुलगाही, जो आठवड्यातून एकदा फोन करी, तो एक दिवसाआड करू लागला आणि दर वेळी विचारू लागला, "बाबा, बंपर झाले का? मागचा पण?" बापाच्या कामात त्याला रस वाटू लागला, म्हणून मी भरून पावलो. आतली साफसफाई करताना शेजाऱ्यांनी पत्नीचा चष्मा, कंगवा, शाळेच्या किल्ल्यांचा जुना जुडगा आणि माझी सहस्रनामाची पोथी एका पिशवीत घालून वर आणून दिली. "धुताना भिजेल," ते म्हणाले. परत ठेवूया, असं ते म्हणाले नाहीत. मुलगा एका रविवारी येऊन गेला. आईच्या नावावरची गाडी आपल्या नावावर करायची आहे म्हणून त्याने चार कागद पुढे ठेवले. एकेका ओळीवर तीन-तीन टीका वाचल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या मी त्या कागदांवर वाचल्यावाचून सह्या केल्या. मुलाचं लिखाण काय तपासायचं?

आणि नवरात्राच्या आरंभी शेजाऱ्यांनी विचारलं, "गुरुजी, दसऱ्याला गाडी हलवायला वेळ कुठला चांगला?"

"विजयादशमी पूर्ण दिवस शुभ आहे."

"तरी. राहुकाळ नको. एकदम चोख वेळ सांगा."

मी पंचांग उघडलं आणि दुपारचा विजय मुहूर्त काढून दिला. त्यांनी तो मोबाईलवर लिहून घेतला. माझ्या गाडीसाठी माणूस इतका बारकाईने वागतो, याचं मला कौतुक वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी गाडी जशी दिसत होती तशी ती नवी असतानाही दिसली नसेल. लाल अंग आणि त्याभोवती खोल, शांत काळेपण, दगडी मूर्तीला तेल लावल्यावर येतं तसं. मी झेंडूचं तोरण केलं. दोन नारळ निराळ्या पिशवीत घालून मागच्या आसनावर ठेवले, तिसरा पूजेसाठी. पत्नी बरोबर असावी म्हणून तिच्या हिरव्या साडीच्या काठाची शिवलेली पिशवी खांद्याला लावली. मुहूर्ताच्या थोडं आधी मी ताम्हन घेऊन खाली गेलो.

तिथे शेजाऱ्यांबरोबर एक अनोळखी कुटुंब उभं होतं. तिशीतला माणूस, त्याची नवी साडी नेसलेली बायको आणि तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी. त्यांच्याही हातात झेंडूचा हार होता. माणूस पुढे आला आणि माझ्या पाया पडला.

"गुरुजी, आम्ही कुंभवलीहून. भाऊ म्हणाले, गुरुजींनी स्वतःच्या हातांनी गाडी तयार केलीय आणि पूजाही तेच सांगणार. म्हटलं, एवढं भाग्य कुणाला मिळतं? मुहूर्तही तुम्हीच काढून दिलात."

मी शेजाऱ्यांकडे पाहिलं. ते झेंडूच्या तोरणाची गाठ सोडून पुन्हा बांधत होते.

"भाऊ?" मी म्हटलं.

"गुरुजी, आधी पूजा होऊ द्या. मुहूर्त जाईल." ते खालच्या आवाजात म्हणाले. "मग सांगतो. मुलाशीबी बोला."

सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाडी विकली गेली होती. जी मी माहीमला जाण्यासाठी घासली, ती गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी घासली जात होती, आणि हे माझ्याखेरीज तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या बाईच्या कडेवरची मुलगी बंपरवर हात फिरवून आपली बोटं पाहत होती. त्या कुटुंबाचा काहीही अपराध नव्हता. ताम्हन माझ्या हातात होतं आणि मुहूर्त मीच काढलेला होता. पुरोहिताने यजमानाला दारातून परत पाठवावं, असं मला कुणी शिकवलेलं नाही.

मी पूजा सांगितली.

संकल्पाच्या वेळी मी त्या माणसाच्या हातावर पाणी घातलं आणि म्हटलं, "आता ही गाडी कशासाठी घेता आहात ते म्हणा. स्पष्ट, मोठ्याने. मराठीत चालेल."

तो लाजला. "काय म्हणू? कंपनीत शिफ्टला जायला. आणि… हिचं माहेर धुळ्याला. दिवाळीला हिला घेऊन जाईन म्हणून."

"मागल्या दिवाळीलाही म्हणाले होते," बायको म्हणाली.

"मागल्या दिवाळीला गाडी कुठं होती?"

"ताई," मी म्हटलं, "त्यांच्या हाताला हात लावा."

तिने लावला. त्याने पाणी सोडलं. त्या दुपारी त्या गाडीपाशी खरा हेतू उच्चारला तो एका परक्या माणसाने, आणि तोही मी विचारल्याबरोबर.

पूजा झाल्यावर मी त्याला गाडीभोवती फिरवलं. मागच्या बंपरपाशी वाकून त्याचा हात धरला आणि त्या बुजवलेल्या जागेवर ठेवला. "इथे वीतभर भेग होती. आतून सांधली आहे. जोराचा धक्का सोसणार नाही." मग आरशाचा डाग दाखवला. "हे माझ्या हातून वितळलं. आणि हा काळा रंग कायमचा नव्हे. हे तेल आहे. तीन-चार महिन्यांनी पुन्हा पांढरं दिसू लागेल, मग पुन्हा लावावं लागेल."

शेजारी दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. तो माणूस क्षणभर त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिला.

"भाऊ भेगेचं काही बोलले नव्हते," तो म्हणाला.

"आता ठाऊक झालं. अजून नाही म्हणू शकता."

त्याच्या बायकोने बंपरवर चापटी मारली. "अहो, जुनी गाडी घेतोय. आपल्याकडे येऊन तिला आणखी दोन पडतीलच. यांना चालवता येते कुठं धड!"

तो हसला. मग त्याला मागच्या आसनावरची नारळांची पिशवी दिसली. मी ती उचलून खांद्यावरच्या पिशवीत घातली. कशाचे नारळ, असं त्याने विचारलं, मी सांगितलं. तो ताबडतोब म्हणाला, "मग चला ना गुरुजी! पहिली फेरी माहीमचीच करू. आम्हालाही देवीचं दर्शन होईल."

माणूस भला होता. परंतु त्याचा संकल्प धुळ्याचा होता आणि त्याला नुकतंच पाणी सोडलं होतं. मी म्हटलं, "नको. तुम्ही आता घरी जा, औक्षण करा." चाकांखालची लिंबं फुटली आणि गाडी सालवडच्या रस्त्याला लागली. मागचा बंपर वळणापर्यंत काळा दिसत होता.

मुलाला फोन केला तेव्हा त्याने नेमकं तेच म्हटलं जे मला अपेक्षित होतं. "बाबा, गाडी उभी राहून सडत होती. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"नाही म्हणता यावं, म्हणूनच विचारतात," मी म्हटलं.

मग तो म्हणाला, "भाऊंनीच सुचवलं, तुमच्या हातून काम करून घेऊ म्हणजे तुम्हाला बरं वाटेल." मी फोन ठेवला. मुलगा दूर असतो, व्यवहार पाहतो. त्याच्याकडून झालेली जखम मी ओळखीची म्हणून सोसू शकलो असतो. समोरच्या दाराचं मला काही सुचत नव्हतं.

दिवेलागणीला शेजारी आले. दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून द्यायची, धाकट्याने थोरल्याच्या पाया पडायचं आणि थोरल्याने "सोन्यासारखे राहा" असा आशीर्वाद द्यायचा. एकोणीस वर्षं ते पहिलं पान मला देत आले. ते पायांशी वाकले, उभे राहिले आणि पान पुढे केलं.

"सोनं घ्या, गुरुजी."

मी म्हटलं, "भाऊ, एकच विचारतो. द्वादशीला तुम्ही माझ्या हाताला हात लावलात. मी माहीमचा संकल्प केला. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

ते नाही म्हणू शकले असते. नवरात्रात ठरलं, असं म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. ठेवायला मला हवाच होता. ते उंबऱ्याकडे पाहत राहिले.

"व्हतं, गुरुजी. मुलाचा फोन गनपतीच्या आदीच आला व्हता. मला वाटलं, जायची हाय तर जाऊ दे, पन तुमच्या हातची सेवा घडून जाऊ दे. माहीमला मी तुमाला नेनारच. उद्या माझ्या पुतन्याची गाडी आनतो. एसीची हाय."

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, आणि तेच मला सोसवेना. आपण काय केलं, हे त्यांना खरोखरच समजलेलं नव्हतं. मी पान घेतलं. पुढचं वाक्य जिभेपर्यंत आलं आणि थांबलं. आशीर्वाद खोटा देऊ नये, एवढं एक पथ्य मी व्यवसायात पाळलेलं आहे. ते वाट पाहत उभे राहिले. वाक्य येत नाही हे कळल्यावर हळूच मागे फिरले आणि माझं दार त्यांनीच ओढून घेतलं.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत गेलो तर तारेवर तेलाच्या चिंध्या अजून पसरलेल्या होत्या, एकेक सुटी, त्यांनी लावल्या होत्या तशा. पूर्ण वाळून कडक झालेल्या. मी त्या काढल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी एकादशी. मी पालघरपर्यंत रिक्षाने आणि तिथून एसटीने माहीमला गेलो. पुतण्याची गाडी खाली आली होती की नाही, ते मी पाहिलं नाही. देवळात गर्दी ओसरली होती. नारळ समोर ठेवून मी पुजाऱ्याला म्हटलं, एक संकल्प अपुरा राहिला आहे, त्याची क्षमा मागायची आहे. मी पुरोहित आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. त्याने पळीभर पाणी माझ्या हातावर घातलं आणि माझ्या तोंडून हजारदा गेलेलं वाक्य तो सवयीने मला म्हणाला,

"संगती कोन हाय, आजोबा? त्यांना सांगा, हाताला हात लावा."

मी म्हटलं, "एकटाच आहे." आणि पाणी सोडलं.